चाकांची आंघोळ

चाकाचा शोध लावणाऱ्या अज्ञात माणसाचं कौतुक सगळे इतिहासकार करतात. माझं स्वतःचं आयुष्य शाळेत इतिहास शिकवण्यात गेलं, तेव्हा मीही ते पदरमोड करून केलेलं आहे. पण चाक पुसायचं फडकं कुणी शोधलं, याबद्दल एकाही ग्रंथात दोन ओळी सापडत नाहीत. माझा अंदाज असा, की पहिलं चाक पहिल्या दिवशी फिरलं, दुसऱ्या दिवशी चिखलात गेलं आणि तिसऱ्या दिवशी घरातून आवाज आला, "आधी ते धुऊन या, मग उंबऱ्याच्या आत आणा." हा आवाज कुणाचा, ते विवाहित वाचकांना सांगायची गरज नाही.

या विषयात मी शिरलो तो आमच्या पुतण्यामुळे. तो पुण्याला असतो. दिवाळीला नवी मोटार घेऊन जतला आला. मोटारीला चार चकाकती चाकं होती. त्यांना 'अलॉय व्हील' म्हणतात, हे त्यानं मला तीनदा सांगितलं. डिकीतून त्यानं एक पेटी काढली. तिच्यात पाच बाटल्या, तीन ब्रश, दोन बोळे आणि मऊ फडक्यांची चळत होती. आमच्या घरात बाळंतिणीसाठीसुद्धा एवढी तयारी झालेली मी पाहिलेली नाही. मग त्यानं अंगणात नळी ओढली आणि पुढच्या डाव्या चाकासमोर पाट मांडून बसला.

आता इतिहासाच्या मास्तराला कुठलीही गोष्ट नवी आहे असं सांगितलं, की त्याच्या पोटात दुखतं. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, "बाळ, अलॉय म्हणजे मिश्रधातू. तसलं चाक महाराष्ट्राला नवं नाही. १९७४ साली नगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यातल्या प्रवरेकाठच्या दायमाबादला एक शेतकरी झाडाचं मूळ खणत होता. त्याला जमिनीत ब्राँझच्या चार ओतीव वस्तू सापडल्या. एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा आणि दोन बैल जोडलेला रथ. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या घरात. रथात एक माणूस ऐटीत उभा आहे. त्या तांब्यात तपासणीअंती आर्सेनिक मिसळलेलं आढळलं. म्हणजे रथाची ती भरीव चाकं मिश्रधातूचीच झाली की नाही? काळाबद्दल पंडितांचं भांडण आहे, पण बरेच जण साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीचा सांगतात."

"साइज काय होती?" पुतण्यानं विचारलं.

सबंध रथ हातभर लांब, हे मी त्याला सांगितलं नाही. इतिहासात काही गोष्टी झाकून ठेवायच्या असतात.

पण आमच्या जतचं खरं चाक ते लाकडी. जत हे डफळ्यांचं संस्थान, ते १९४८ साली विलीन झालं. आगगाडीनं आम्हाला लांबूनच नमस्कार केला. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी १९२७ साली मिरजेपर्यंत पोचली. त्या वाटेवर 'जत रोड' नावाचं स्टेशन आहे. नाव अगदी नेमकं आहे. तिथे उतरल्यावर रोड लागतो, जत लागत नाही. तिथून पुढे जतपर्यंत जे काही असे ते बैलगाडीच्या चाकावर.

त्या चाकाची घडण ज्यानं पाहिली असेल त्याला मोटारीच्या चाकाचं फार अप्रूप वाटणार नाही. मधे तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आऱ्यांवर बसवलेल्या लाकडी पुठ्ठ्या आणि सगळ्यांना बाहेरून आवळून धरणारी लोखंडी धाव. धाव चढवणं हा गावातला एक सोहळाच असे. ती चाकापेक्षा मुद्दाम जराशी लहान केलेली. गोवऱ्यांच्या जाळात तापवून लाल केली, की फुगते. मग चौघांनी सांडशीत धरून ती चाकावर ठोकायची. लाकडातून धूर निघतो आहे, लोहार ओरडतो आहे, आणि त्याच क्षणी वरून घागरींनी पाणी ओतायचं. धाव चर्रकन आकसते आणि चाकाला अशी मिठी मारते, की मधले आरे कुरकुरतात. लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर नवऱ्या मुलाच्या चेहऱ्यावर जे भाव येतात, तेच त्या चाकावर येत.

म्हणजे पाहा, आमच्याकडच्या चाकाची पहिली आंघोळ ही अशी जन्माच्या वेळीच होई. पुढेही त्याला पाणी लागे, पण ते दिसण्यासाठी नव्हे. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसतं, धाव सैल पडते आणि गाडी खडखडायला लागते. मग शहाणा गाडीवान वाटेत ओढा लागला, की गाडी पाण्यात घालून घटकाभर थांबे. बैल पाणी पीत, गाडीवान विडी पेटवी आणि चाकं पाणी पिऊन फुगत. लाकडी चाक खरोखर तहानलेलं असे. जतच्या उन्हाळ्यात पाण्याचा ओढा सापडला, तर ही गोष्ट वेगळी.

त्या चाकाला कुणी चकाकी देत नसे. वर्षातून एकदा बेंदराला ते धुतलं जाई. तेसुद्धा बैलांच्या कृपेनं, म्हणजे नवरदेवाबरोबर करवल्याला अत्तर लागतं तसं. आम्ही पडलो सीमेवरचे. इथे कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठात आणि महाराष्ट्री बेंदूर आषाढात. त्यामुळे एखाद्या हुशार चाकाला दोनदा आंघोळ मिळे. दसऱ्याला हळदीकुंकू, झेंडूची माळ आणि खाली लिंबू. बाकी वर्षभर त्याचा दागिना एकच. तुंब्याशी ओघळणारं काळंभोर वंगण. ज्याच्या धोतराला ते लागलं, त्याचं धोतर जन्मभर गाडीवानाचं झालं.

चाक चमकलं पाहिजे, हा विचार आमच्या भागात सायकलीनं आणला. इथे एक मौजेचा योग आहे. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरानं आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तयार केलेल्या हवा भरलेल्या रबरी टायरचं पेटंट घेतलं. त्याच १८८८ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सायकलच्या दुकानानं किर्लोस्कर उद्योगाची मुहूर्तमेढ रोवली. त्या दुकानातून पुढे लोखंडी नांगर निघाला, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ती आज आमच्याच सांगली जिल्ह्यात आहे. डनलॉपचं नाव तर पुढे इथल्या बैलगाड्यांखालीसुद्धा आलं. रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या, त्यांत बैलांचे हाल कमी झाले आणि लोखंडी धावांनी उखडणारे रस्ते जरा वाचले. बैलांच्या डॉक्टराचं नाव शेवटी बैलांच्या उपयोगी पडलं, असा न्याय इतिहासात क्वचित मिळतो.

सायकलच्या चाकाची रिम मुलामा दिलेली. तिच्यावर गंज येऊ नये म्हणून लोक खोबरेल तेलाचं बोट फिरवीत. तेच बोट मग केसांतून फिरवीत. पण खरी कमाल होती ती तुंब्यावरच्या रंगीत गोंड्यांच्या कड्याची. चाक फिरलं, की ते कडं तुंब्यावर घासत फिरे आणि तुंबा आपोआप लखलखीत राही. पाणी नाही, साबण नाही, नोकर नाही. चाकानं स्वतःला पुसून घेण्याची एवढी साधी युक्ती मोटारवाल्यांना आजवर सुचलेली नाही.

त्यानंतर आल्या अँबॅसिडर आणि फियाट. त्यांची चाकं पत्र्याची. वर एक चकचकीत वाटी ठोकून बसवलेली असे. ती पुसायला रॉकेलचा बोळा आणि कालचा पेपर पुरे. ड्रायव्हर त्या वाटीत बघून भांग पाडी. खड्ड्यात गाडी आदळली, की वाटी सुटून गाडीच्या पुढे धावत जाई आणि एखाद्या टपरीत पडे. आमच्या तालुक्यात अशी एक वाटी मी हॉटेलात भज्यांखाली पाहिली आहे. भजी उत्तम होती.

आता येतो तो ॲल्युमिनियमचा मान. या धातूचं नशीब पाहिलं, की माणसाच्या नशिबावरचा विश्वास वाढतो. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर जी धातूची टोपी बसवली, ती ॲल्युमिनियमची. तेव्हा ते इतकं भारी मोलाचं होतं. पुढे दोनच वर्षांत, १८८६ साली, अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांना ते विजेच्या साह्यानं स्वस्तात काढायची रीत एकाच वर्षी, एकमेकांना न विचारता सापडली. झालं! राजेशाही धातू पन्नास वर्षांत आमच्या चुलीवर येऊन बसला. आमच्याकडे त्याला 'जर्मल' म्हणतात. जर्मन सिल्व्हर म्हणतात ते तांबं, निकेल आणि जस्ताचं. त्याचा ॲल्युमिनियमशी काडीचा संबंध नाही. पण आमच्या आजीनं एकदा पातेल्याला जर्मल म्हटलं, की रसायनशास्त्राचं काही चालत नसे.

ते जर्मल चाकात शिरलं शर्यतीच्या मोटारींमुळे. एत्तोरे बुगात्ती हा मूळ मिलानचा माणूस. कारखाना आल्सेसमध्ये मोलशाइमला. त्यानं १९२४ साली लिऑनच्या शर्यतीत आपल्या 'टाइप ३५' मोटारी उतरवल्या, त्या आठ चपट्या आऱ्यांच्या ओतीव ॲल्युमिनियमच्या चाकांवर. ब्रेकचा ड्रमही त्यातच ओतलेला. चाक हलकं झालं, की गाडी लवकर पळते, लवकर थांबते आणि ब्रेकची उष्णता झटकन निघून जाते, हा त्यातला हिशोब. त्या शर्यतीत त्याच्या गाड्यांच्या टायरांनी दगा दिला आणि जिंकायचं राहून गेलं. पण चाक टिकलं. ते शंभर वर्षांत लिऑनहून फिरत फिरत आमच्या अंगणात आलं होतं, आणि आमचा पुतण्या त्याला उटणं लावत होता.

इतक्यात शेजारचे अण्णा कुंपणाशी आले. अण्णांनी उभ्या आयुष्यात बैल सोडून कुणाला आंघोळ घातलेली नाही.

"काय करालायस रं बाळ?"

"चाकं साफ करतोय, आजोबा."

"पर हितं तर चिखुल न्हाई. मग ह्ये काळं कशाचं?"

प्रश्न अगदी मार्मिक होता, आणि पुतण्यानं उत्तरही नीट दिलं. ते मी माझ्या भाषेत सांगतो. पूर्वीच्या गाडीचे ब्रेक ड्रमच्या पोटात असत. त्यांची झीज आतल्या आतच राही, जुन्या काळच्या सासुरवाशिणीच्या दुःखासारखी. आता पुढच्या चाकांना उघडी तबकडी असते. ब्रेक दाबला, की बिडाची तबकडी आणि तिला धरणारे पॅड दोन्ही झिजतात. त्यांचा तापलेला कीस उडून चाकावर बसतो. थांबायचं काम जास्त करून पुढची चाकंच करतात, म्हणून तीच जास्त काळी. या किसात लोखंड असतं. ते दवापाण्यानं गंजतं आणि चकाकीवर तांबूस ठिपके धरतं. मग नुसत्या पाण्यानं निघत नाही.

पुतण्यानं दुसरी बाटली उचलून चाकावर फवारा मारला. बघता बघता चाकावरून जांभळे ओघळ वाहू लागले, आणि कुजक्या अंड्याचा वास आला. अण्णा दोन पावलं मागं सरकले.

"रगात आलं की रं त्येला!"

ते रक्त नव्हे, लोखंड. औषध लोखंडाला पकडून जांभळं होतं. त्याच जातीचं रसायन बायकांचे केस कुरळे करायला वापरतात, असं पुतण्या म्हणाला. अण्णांनी चाकाकडे निरखून पाहिलं. आरे कुरळे झाले नव्हते.

मग त्यानं नियम सांगितले. चाक गरम असताना धुऊ नये. एका वेळी एकच धुवावं, औषध त्यावर वाळू देऊ नये. चाकाचं फडकं मोटारीच्या अंगाला लावू नये, नाहीतर त्यातली कच रंगावर रेघा ओढते. तारेचा ब्रश वर्ज्य. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे तीव्र ॲसिड नको आणि तीव्र सोडाही नको.

हे ऐकून आतून आमच्या मंडळी बाहेर आल्या. म्हणाल्या, "यात नवीन काय? जर्मलच्या पातेल्यात आंबट ठेवू नये आणि त्याला धुण्याचा सोडा लावू नये, काळं पडतं, हे मला सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं." पुतण्याच्या हातातली बाटली बरीच महाग होती. तिच्यावर इंग्रजीत छापलेलं तत्त्वज्ञान सासूबाईंनी फुकट दिलेलं होतं.

खरं म्हणजे ॲल्युमिनियमला निसर्गानंच एक बारीक पापुद्रा दिलेला आहे. हवेशी गाठ पडली, की तो आपोआप धरतो आणि आतला धातू सांभाळतो. ॲसिड आणि सोडा तोच पापुद्रा खातात. कारखानदार त्यावर आणखी रंग आणि पारदर्शक लाख चढवतात. खडी उडून त्या लाखेचा टवका गेला, की ओल आत शिरते आणि लाखेखाली पांढऱ्या अळ्या फिरल्यासारख्या रेघा उमटत जातात. म्हणून धुऊन पुसल्यावर मेण लावायचं. मेण लावलेलं चाक म्हणजे तेल लावलेला पैलवान. धूळ येते, पण तिला धरायला जागा सापडत नाही. टवका दिसला, तर तो वेळीच बुजवून घ्यायचा. एवढं केलं, की चाक राहतं. बाकी सगळा बाटल्यांचा संसार.

इथवर सगळं गोड चाललं होतं. पण नळी अजून चालूच होती. पाणी अंगणातून फाटकाकडे, फाटकातून रस्त्याकडे निघालं होतं. अण्णा त्याच्याकडे बघत होते.

"ह्ये पानी कुठलं रं?"

"बोअरचं, आजोबा."

"बोअरला किती ऱ्हायलंय, त्ये इचारलंस का त्येला?"

पुतण्यानं नळी बंद केली. कुणी काही बोललं नाही. जतला हा प्रश्न विनोदी लेखातसुद्धा विनोदी होत नाही.

आमच्या इतिहासात चाक आणि पाणी यांचा संबंध पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आहे. इतर गावांत पाण्यानं चाक धुतात. आमच्याकडे पाणीच चाकावरून येतं. १९७२चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना आठवतं, की हजारो माणसं रस्त्यावर खडी फोडत होती आणि वाटणीत सुकडी मिळत होती. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे आमच्या सांगली जिल्ह्यातलेच. आज ज्या रस्त्यांवरून चकाकत्या चाकांच्या गाड्या जातात, त्यांतल्या कितीतरी रस्त्यांच्या तळाशी ती खडी आहे. मोट गेली, इंजिनं आली, विहिरी खोल गेल्या, बोअर त्याहून खोल गेले. म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्याच्या काही भागात पोचलं, आणि पूर्व भागातली गावं वाट बघत राहिली. २०१६च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी गेली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. इतिहासात हत्ती, घोडे, तोफा आणि राण्या चाकावरून गेलेल्या मी शिकवल्या होत्या. पाणी चाकावरून जाताना तेव्हा पाहिलं. आणि नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकाच्या त्या वेळच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या चाळीस गावांची भाषा काढली, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला एकदम आठवण झाली, की या गावांनी पूर्वी तिकडे जायचे ठराव केले होते, ते पाण्यासाठी. दोन बेंदूर साजरे करणाऱ्या माणसाला राज्य कुठलं यापेक्षा घागर कुठे भरते, हे आधी बघावं लागतं.

मग चाक धुवायचंच नाही का? असं मी म्हणत नाही. नव्या वस्तूवर जीव असणं वाईट नव्हे. अण्णासुद्धा बैलाच्या शिंगाला बेगड लावतातच. त्यांनीच तोड काढली. "बैल धुवायला नदी न्हवती तवा आमी काय केलं? वल्ल्या फडक्यानं पुसला." पुतण्याच्या शास्त्रालाही हे पटलं. पुढची तीन चाकं मिळून एक बादली पाण्यात झाली. आधी कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झाडली, मग फवारणीच्या बाटलीतून पाणी, मग साबणाचं फडकं, मग तांब्याभर पाण्याची धार आणि लगेच कोरडं फडकं. लगेच कशाला, तर आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. त्यात तुरीची डाळ शिजत नाही आणि वाळलं तर चाकावर पांढरे डाग सोडतं. म्हणजे कमी पाणी घालणं हे जतला पुण्यही आणि शहाणपणही. उरलेलं पाणी मंडळींनी बादलीत धरून ठेवलं. ते अंगणात सडा घालायला गेलं. औषधाचं जांभळं पाणी मात्र तुळशीपासून लांब ठेवलं.

चाकं छान दिसत होती, हे कबूल केलं पाहिजे. पुढच्या चाकात अण्णांनी वाकून स्वतःच्या मिशा बघितल्या आणि त्या पिळल्या. अँबॅसिडरच्या वाटीनंतर तालुक्यात ही सोय पुन्हा उपलब्ध झाली.

दुष्काळाच्या वर्षी आमच्या भागात एक चाक असतं. ते ट्रकच्या मापाचं, पत्र्याचं, रंग उडालेलं. त्याच्यावर गळणाऱ्या पाण्याचे ओघळ आणि त्या ओघळांवर बसलेली धूळ. त्याला कुणी औषध लावत नाही, मेण लावत नाही. पण ते वेशीवरून आत वळताना लांबून दिसलं, की बायका घागरी उचलतात, पोरं ओळ धरतात आणि म्हातारी माणसं पारावरून उठून उभी राहतात. एवढा मान डफळ्यांच्या रथालाही मिळाला नसेल. टँकरचं चाक धुवायचं कुणाच्या मनातही येत नाही. त्याच्या अंगावरचं पाणी सांडलेलं असतं, घातलेलं नसतं, आणि तेवढंही सांडलं म्हणून ड्रायव्हरला गाव बोलतं.